परक्याची मूठ

भर मंडळीसमोर, देवाच्या मंदिरात मी खोटं बोलले, आणि वर त्याची वाहवा झाली. पण आधी रांजणाचं सांगते.

वाशीमच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत आहे. दळायला बसण्याआधी प्रत्येक घरची बाई मूठभर ज्वारी बाजूला काढते आणि रविवारी मंदिरातल्या रांजणात आणून ओतते. ही रीत मोठ्या दुष्काळात इथं आलेल्या मिशनच्या गोऱ्या मडमबाईंनी घालून दिली. त्या दुष्काळात माझे आईबाप गेले. मी सहा वर्षांची होते. मडमबाईंच्या दारात मी उभी राहिले तेव्हा मला कुणी जात विचारली नाही की देव विचारला नाही, आधी खिचडी वाढली. ही मूठ परक्यासाठी, असं त्या म्हणायच्या. गेली वीस वर्षं रांजणाची राखण माझ्याकडे आहे, आणि त्याचा तोरा मी पुरेपूर मिरवला आहे.

मडमबाई गेल्यावर गावातले लोक आम्हाला ‘ज्वारीचे ख्रिस्ती’ म्हणून चिडवू लागले. पोटासाठी बाटले म्हणायचे. मंडळीच्या पंचांना ते फार झोंबलं. त्यांनी ठरवून टाकलं, बाप्तिस्मा न झालेल्याला दाणा द्यायचा नाही, म्हणजे आम्ही धान्य देऊन माणसं बाटवतो असं कुणी म्हणायला नको. ऐकायला केवढं सोवळं! तेव्हापासून परक्याची मूठ आमच्याच नाताळच्या जेवणात जाऊ लागली, आणि पंगतीत मी सगळ्यांच्या पुढे.

यंदा, म्हणजे एकोणीसशे छत्तीस साली, मिशनचे गोरे साहेब मायदेशी परतले आणि आमच्यातलेच रामकिसन मास्तर पाळक झाले. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, “साहेब गेले. आता ही मंडळी या गावात कायसाठी हाये, ते आपल्यालेच ठरवा लागते. पन आपसात बसून नाई. हरेकानं गावातल्या एका परक्या मानसाले इचारा, आमी तुमच्या कोन्या कामाचे? पुढच्या ऐतवारी उत्तर घेऊन या.”

पंचांतले थोरले रामराव कुरकुरले, “लोकायले काय इचारता? देवाले इचारा.”

“देवाले रोजच इचारतो,” मास्तर म्हणाले. “त्यानंच तिकडं धाडलं.”

बाजाराच्या दिवशी मी रुपाबाईला गाठलं. ही रिसोडच्या वाटेवरच्या तांड्यातली बंजारीण, जळणाच्या मोळ्या विकायला येते. मोळीवाली बाई, दोन गोड शब्द बोलेल आणि माझं काम होईल, असा माझा हिशेब.

“रुपाबाई, आमची मंडळी तुमच्या कोन्या कामाची?”

तिनं मोळी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या इथं दाना द्यायच्या आधी नाव इचारतात, बाई.”

“कोन म्हनते असं?”

“मीच म्हनते. पानी नाई पडलं त्या साली मी आली होती. कडेवर माहा हेमला होता. तुमी म्हनल्या, मंडळीत नाव लिवलं हाये का? मी म्हनलं, नाई. तुमी रांजनावर झाकन ठेवलं.”

आधी मला काही आठवेना. मग त्या पोराची मान आठवली. आईच्या खांद्यावर ती सैल पडली होती. पंधरा वर्षांत एकदाही मला ती आठवली नव्हती, याची लाज मला त्या भरबाजारात वाटली.

“आमचा तसा नेम होता,” मी म्हणाले.

“असंल,” ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

रविवारी एकेकजण उठून सांगू लागला. कुणी शाळेची तारीफ आणली होती, कुणी डोळ्यांच्या औषधाची. माझी पाळी आली. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, आणि मी घाबरले. रांजण काढून घेतील, लोक तोंडावर थुंकतील, असं वाटलं.

“लोक म्हनतात, तुमच्या दारातून उपाशी कोनी जात नाई,” मी म्हणाले.

मास्तरांचा चेहरा उजळला. शाळेचा फळा तिथंच होता. त्यावर सगळ्यात वर त्यांनी हे वाक्य लिहिलं. “हेच आपलं काम. चला, याच्यासाठी प्रार्थना करू,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या खोट्यावर आता देवाचा आशीर्वाद मागणार! मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले.

“थांबा, मास्तर. ते खोटं हाये. कोनीच असं म्हनलं नाई.” आणि मी रुपाबाईचं सगळं सांगितलं.

रामराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “सोजरबाई, नेम आमी पंचायनं केला. तुमचा काय गुन्हा त्यात?”

“नेम तुमचा, पन झाकन मी ठेवलं. रांजन भरला होता, रामराव. अन् मीबी एक दिवस तशीच दारात आली होती.”

बायकांत बसलेल्या हिरीबाईनं पदर तोंडाला लावला. मास्तरांनी फळा पुसला नाही. “खोटं हाये तर खरं करा लागंल,” एवढंच ते म्हणाले. मग रामराव स्वतः उठून रांजणाकडे गेले आणि पोतं भरू लागले.

दुसऱ्या दिवशी मास्तर, रामराव आणि मी तांड्यावर गेलो. रुपाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

“काय आनून राह्यले हे?” तिनं विचारलं. मास्तरांनी सांगितलं. ती म्हणाली, “यंदा माह्या घरी जवारी हाये. त्या पल्याडच्या झोपडीत आमच्या देवलाची म्हातारी माय हाये, दोन दिवस झाले तिची चूल नाई पेटली. तिले द्या. अन् नाव नका इचारू.”

रामरावांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि दोघं तिकडे गेले. मी मागे राहिले. माफीचे शब्द मी वाटभर घोळवत आले होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

“हेमला कुठं हाये? मोठा झाला असंल आता.”

“तो त्याच साली गेला,” रुपाबाई म्हणाली.

तिनं तव्यावरची भाकर काढली, वर ठेचा ठेवला आणि माझ्या हातावर दिली. “खा, बाई. उन्हातून चालून आल्या.”

नको म्हणायचा मला हक्क नव्हता. तिच्यासमोर बसून मी ती सगळी भाकर खाल्ली.