फौजेचे कापड विणणारा माग

लढाईने आमचे घर सावरले. मित्रांनो, हे वाक्य वाचलेच नाही असे समजून पुढे वाचा.

मी नागपूरच्या पाचपावलीतला एक जुना सागवानी हातमाग. विणकर ताराचंदच्या बापाने मला उभे केले. माझ्यावर नऊवारी लुगडी निघत. बाया काठावरून बोट फिरवून सांगत, हे ताराचंदच्या हातचे. पुढे गिरणीची लुगडी स्वस्त झाली आणि ताराचंदची बायको रुखमाबाई माझ्यावर ओले कपडे वाळत घालू लागली.

एकाहत्तर साली लढाई लागली आणि फौजेकडून जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाची मागणी आली. विरळ विणीला धागे ओवायची फणी वेगळी लागते. ताराचंदने लुगड्याची बारीक फणी विकली आणि विरळ विणीची आणली.

"जुनी काहून विकली?" रुखमाबाई म्हणाली. "लढाई कधी तरी सरंलच ना."

"सरकार एवढा खर्च करून राहिलं. लवकर कशी सरंल?"

रुखमाबाईचा सख्खा भाऊ रामाजी सीमेवर होता. त्यामुळे ती सकाळी लढाई थांबू दे म्हणे आणि संध्याकाळी त्याच लढाईच्या पैशाने आणलेल्या गव्हाच्या पोळ्या लाटी.

तेरा दिवसांत आपण जिंकलो. गल्लीत पेढे वाटले. ताराचंदने पेढा घेतला, पण तो त्याच्या हातातच राहिला. मागणी रद्द झाली. उरलेले कापड घरात आले. दाराला पडदा त्याचा, चहाची गाळणी त्याची, माठावर झाकण त्याचे. एकही माणूस जखमी नसलेले आमचे घर पट्ट्यांनी भरून गेले.

मग रामाजी धडधाकट परतला. त्याच्या दहा वर्षांच्या भाचीने, प्रेमिलाने, त्याचा हात धरला.

"मामा, पुन्हा लढाई केव्हा लागंल?"

"काहून वं?"

"बाबाचा माग चालू होते ना."

रामाजी हसला नाही. त्याने दाराचा पडदा चिमटीत धरला.

"असंच कापड होतं," तो म्हणाला. "तिघाईले बांधलं मी. पुरलं नाही."

रुखमाबाई चुलीकडे तोंड करून बसली. ताराचंद त्यानंतर माझ्यावर बसला नाही. तो लकडगंजला लाकडाच्या वखारीत हमाली करतो. तुटलेला धागा न बघता सांधणाऱ्या त्या बोटांत आता कुसळे असतात.

मित्रांनो, माणसाच्या हातातली कला जपा. तसेच वरिष्ठांस नम्र विनंती की, लढाई चालू नसतानाही माणसांना कापड लागते, ही बाब देशाच्या तिजोरीने लेखी मान्य करावी, आणि तसा आदेश ताराचंद यांस, ते उद्या हमालीला निघण्यापूर्वी, घरपोच मिळावा.