आतली कडी

मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मला बोलावलं ते न्हाणीघरांच्या आतल्या कड्या काढायला. मी सुतार. तीस वर्षांत कड्या बसवायला शेकडो लोकांनी बोलावलं, काढायला बोलावणारे हे पहिलेच.

"पोरी आत कोंडून घेतात, तासन्‌तास बाहेर येत नाहीत," सर म्हणाले. "सुरक्षेचा प्रश्न आहे, मिस्त्री." बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

पाच दारांच्या कड्या ठीकठाक होत्या. कोपऱ्यातल्या सहाव्या दाराची कडी मात्र लोंबकळत होती. स्क्रू गंजले नव्हते, झिजले नव्हते. लाकडाचे तुकडे घेऊन उपटून आले होते. आतल्या बाजूला, दाराखाली सारायला वहीच्या पुठ्ठ्याची पाचर करून ठेवलेली.

मागे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बादली घेऊन उभी होती.

"काका, मोठा स्क्रू लावता का? छोटा निघतो."

"आपोआप निघतो?"

"बाहेरून ढकललं की."

"कोण ढकलतं?"

तिनं एकदा ऑफिसच्या दिशेनं पाहिलं आणि मग बादलीतच बघत राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतले सगळ्यांत लांब स्क्रू काढले. जुनी भोकं सैल झाली होती, म्हणून वर नवी पट्टी ठोकून तिच्यावर कडी बसवली. मग मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. बालकल्याणच्या बाई तासाभरात येतील असं कळलं, तसा मी त्या दारासमोर फतकल मारून बसलो.

सरांच्या चपला वाजल्या आणि मुलगी माझ्या मागून सटकन न्हाणीघरात शिरली. आतून कडी लागली.

"मिस्त्री, मी काय सांगितलं होतं?"

"कड्या काढायला. नाही काढणार. उरलेल्या पाचांनाही मोठे स्क्रू लावणार आहे."

"इथलं काम तुला पुन्हा मिळायचं नाही. इथलंच काय, कुठलंच नाही. माझे हात कुठवर पोचतात, माहितीये?"

"तेच बघायला बसलोय."

भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून राग मोठा होता, आणि राग आला की मी जागचा हलत नाही, हे माझ्या बायकोला विचारा.

बाई आल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर काहीच नाही. सरांनी हात जोडले. "मॅडम, गैरसमज झालाय. मी तर या बाजूला पाऊलही टाकत नाही. मुलींची बाजू आहे."

मी सरकून जागा दिली. बाईंनी हलकेच दार वाजवलं. आतून उत्तर नाही.

"बघा!" सरांना जोर चढला. "हेच मी म्हणत होतो. थांबा, मी काढतो बाहेर."

मी उठायला लागलो, तर बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं.

सरांनी डाव्या हातानं मूठ धरून दार वर उचललं, गुडघा खालच्या कोपऱ्याला लावला आणि खांदा बरोबर कडीच्या जागी टेकवून धक्का दिला. एका दमात, कुठंही न चाचपडता. त्या दाराची ही खोड मला, सुतार असून, दोनदा झटापट केल्यावर कळली होती.

दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. नाहीच.

"सर," बाई म्हणाल्या, "या बाजूला तुम्ही पाऊल टाकत नाही ना?"

"नाही... म्हणजे..."

"मग हे दार आधी उचलावं लागतं, हे कसं माहीत?"

सरांचा हात अजून मुठीवरच होता. चेहरा खर्रकन उतरला, पण आवाज त्यांनी गोडच काढला. "बाळ, बाहेर ये बरं. सांग मॅडमना, काही झालं नाही म्हणून."

मग आतून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"येणार नाही! आधी तुम्ही जा. मी बाईंना सांगणार आहे. सगळं!"