देवाला वाहिलेली लेक

"लेक काय करते सध्या?" असं कुणी विचारलं की आई चहाचं आधण बघायला उठायची.

दोन बाळं जन्मतःच गेल्यावर तिने देवाला शब्द दिला होता, "हे जगलं तर तुझ्या सेवेला देईन." लेक जगली. पण बायबल शाळेत जायचं सोडून ती झाली परिचारिका, आणि त्यातही काम मागून घेतलं ते मृत जन्मलेल्या बाळांना न्हाऊ घालून त्यांच्या आयांच्या हाती देण्याचं.

"माझा शब्द मोडलास," आई म्हणायची.

"मोडला कुठे? तिथेच तर आहे मी," लेक हसायची.

मग आईने केलं ते आपल्यातल्या पुष्कळ जणी करतात. महिलांच्या प्रार्थनासभेत उभी राहून म्हणाली, "माझ्या भरकटलेल्या लेकीसाठी प्रार्थना करा." लेक मागच्याच बाकावर होती. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि ती उठून गेली. त्यानंतर ना चर्चला आली, ना घरी.

पाळकबाईंनी आईला चर्चच्या दारातच गाठलं. "प्रार्थना मागितलीत की चहाडी केलीत?"

"सेवेला वाहिलीय हो ती."

"येशूच्या कबरेकडे सुगंधी द्रव्यं घेऊन निघालेल्या बायका काय प्रवचनाला निघाल्या होत्या? गेलेल्या माणसाचं सगळं नीट करायलाच निघाल्या होत्या ना? उठलेला प्रभू आधी त्यांनाच भेटला."

आईला ते पटलं नाही.

पुढे थोरल्या लेकाच्या बायकोचे दिवस भरले, आणि बाळ निपचित जन्मलं. आई लेकीला शोधत इस्पितळातल्या, बाळांना न्हाऊ घालायच्या छोट्या खोलीत गेली. लेक टबातलं पाणी कोपराने बघत होती.

"अगं, गारच घे. त्याला आता काय कळतंय?"

"त्याच्यासाठी नाही गं. वहिनी कुशीत घेईल ना. तिला गार लागायला नको."

आई भिंतीला टेकली. लेक बाळाशी बोलत होती. "मान धरलीय हं तुझी. झालं हं, राजा." तिने कानामागचं पुसलं, बोटं उलगडून पुसली.

"माझ्या त्या दोघांना कुणी असं..." आई म्हणाली.

लेकीचे हात थांबले. "तुला दाखवली होती?"

"नाही. रडशील म्हणाले, आणि कापडात गुंडाळून नेली. नाक कसं होतं तेसुद्धा मला ठाऊक नाही."

लेकीने टॉवेलचं एक टोक आईच्या हातात दिलं. "पाय टिप. हळू."

आईने ती एवढीशी पावलं टिपली. टिपता टिपता म्हणाली, "भरकटलेली म्हणाले मी तुला."

"हो," लेक म्हणाली. "फार लागलं, आई."

दोघींनी मिळून बाळ सुनेच्या कुशीत ठेवलं. सकाळपासून दगडासारखी पडलेली ती पोर त्याच्या गालाला गाल लावून म्हणाली, "उबदार आहे हो." आणि तिला रडू फुटलं.

मैत्रिणींनो, आपण लेकरू देवाला देतो, आणि त्याला कुठे कामाला लावायचं तेही आपणच ठरवू बघतो. देव त्याला दुकानात लावेल, कारखान्यात लावेल, नाहीतर जिथे जायचं कुणी नाव काढत नाही अशा खोलीत लावेल. हाक त्याची, जागाही त्याचीच. त्या जागेला कमी लेखू नका. आणि लेखलं असेल, तर चारचौघींत बोललेलं चारचौघींतच मागे घ्यायला हवं.

पुढच्या सभेत आईने तेच केलं. उभी राहून, अडखळत, लेकीची माफी मागितली.

लेक ऐकायला नव्हती. तिची ड्यूटी होती.