निळे न झालेले जंतू

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कलकत्त्यात, एस्प्लनेडच्या एका रक्ततपासणीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, गेली पाच वर्षं रागावून बसलो आहे.

खिदिरपूरच्या गोदीत मला उचलणाऱ्या हमालाच्या अंगठ्यावर मी सतरा बंदरांचे जंतू मोजले होते. खोटं वाटत असेल तर त्या जंतूंना विचारा. असा माझा डोळा. आणि त्याने पाहिलेलं माणसं अर्धंच वाचतात.

चौऱ्याहत्तर साली बेहालाहून सरला आली, सोबत सासूबाई शकुनताई. सरला कलकत्त्यातच वाढलेली. सासर बँकेच्या बदलीने साताऱ्याहून आलेलं. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, आता दुसरं होणार होतं. म्हणून डॉक्टरांनी टॉक्सोप्लाझ्मा या जंतूसाठी रक्त तपासायला सांगितलं. हा जंतू कच्च्या मांसातून येतो, तसा मांजरं घाण करतात त्या मातीतूनही.

आमच्या तपासनीस लीनादी जिवंत जंतू रक्तातल्या पाण्यात सोडत आणि वर निळा रंग घालत. जंतू निळे झाले, तर रक्ताला त्यांची ओळख नाही. कोरे राहिले, तर ते रक्त त्यांच्याशी लढलेलं. सरलाचं चौसष्टपट पातळ केलं तरी निम्मे जंतू कोरेच. लीनादींनी लिहिलं, 'पॉझिटिव्ह. जुनं की नवं, ते तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून कळेल.'

शकुनताईंनी पहिला शब्द वाचला आणि कागदाची घडी घातली.

तीन आठवड्यांनी सरलाने हट्टाने त्यांना पुन्हा आणलं.

"आता कशाला?" शकुनताई म्हणाल्या. "हिच्या माहेरी काय काय शिजतं ते आता सगळ्या गल्लीला कळलंय. हे बाळ नको, असं घरात ठरलंय."

माझं पितळ तापलं.

"मासीमा, तुमचंही थोडं रक्त द्या," लीनादी म्हणाल्या. "ताडून बघू."

"माझ्यात काय सापडणार? मी अंड्यालाही हात लावलेला नाही."

"मग भीती कसली?"

सरलाचा आकडा पुन्हा चौसष्टच आला. वाढला नाही, म्हणजे लढाई जुनी. बाळाला धोका नाही. शकुनताईंचा आला दोनशे छप्पन्न. साताऱ्याच्या परसात त्यांनी जन्मभर उघड्या हातांनी माती खुरपली होती.

"हे आमच्या यांना सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही सांगत, मासीमा. सुनेचं मात्र तुम्ही गल्लीभर सांगितलंत."

शकुनताईंनी सुनेचा कागद या वेळी शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "ऊठ सरले. बाळाचं घरी मीच सांगते."

त्या दिवशी लीनादींनी मला दोनदा पुसलं. नंतर नवं यंत्र आलं, मी कपाटात गेलो आणि इथल्या दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी चढवली.

मित्रांनो, भिंगं पुसत जा आणि कागद शेवटपर्यंत वाचत जा. गेल्या महिन्यात सरलाची पाच वर्षांची मुलगी आली होती. लीनादींनी मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्या भिंगाला डोळा लावून म्हणाली, "आई, यातून काहीच दिसत नाही."

मला मात्र ती अगदी स्वच्छ दिसली.