भडक्याचं अंडं

दोन सिनेमे भडक्या ‘आला’, भडक्या ‘उडाला’, भडक्या ‘चिडला’. तिसऱ्या सिनेमाच्या चाळिसाव्या मिनिटाला त्यानं अंडं घातलं.

चूक माझीच. व्हायकिंगांच्या बेटावरच्या या ड्रॅगनचे सिनेमे आपल्या भाषेत आणताना संवाद मी लिहिते. मूळ भाषेतलं क्रियापद नर की मादी ते सांगत नाही आणि तिथे सगळे ड्रॅगनचं नावच घेतात, ‘तो’ की ‘ती’ म्हणत नाहीत. आपल्याकडे मात्र नुसतं ‘आला’ म्हणायचं तरी आधी ठरवावं लागतं. तांबडा रंग, नाकातून जाळ, सदा डोकं फिरलेलं. मी मागचा पुढचा विचार न करता पुरुष करून टाकला. तेही स्वभावावरून, माझ्या सासूबाईंना ओळखत असून!

डबिंगच्या खोलीत, काचेच्या अलीकडे, दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले होते. पलीकडे माइकसमोर ताई उभ्या. वय अठ्ठावन्न, पण पडद्यावरच्या बारा वर्षांच्या व्हायकिंग पोरीचा आवाज पहिल्या सिनेमापासून त्यांचाच.

“सोपं आहे,” दिग्दर्शक म्हणाले. “अंडं त्याला कुठेतरी सापडलं म्हण. पोरं काय पुरावा मागतायत?”

“कोणी घातलं ते पडद्यावर ढळढळीत दिसतंय!”

“आणि गाणी, खेळणी, दप्तरं? सगळीकडे तो भडक्या आहे. आता त्याची बाई केलीस तर लोक हसतील, आणि तुलाच हसतील. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओळ दे, नाहीतर मी दुसरा लेखक बोलावतो.”

हे काम मला जिवापाड आवडतं. पण तिनं पोटातून काढलेलं अंडं, आणि मी म्हणायचं सापडलं? सहा वर्षं कोणी मला ‘अरे’ म्हटलं असतं तर मीही जाळच काढला असता. मी ठरवलं, आता हटायचं नाही.

“तो सीन परत लावा.”

पोरगी गुहेत शिरते, अंडं बघते, थबकते. नंतर सहा सेकंद कॅमेरा तिच्या पाठीमागे. तोंड दिसत नाही, म्हणजे ओठांशी शब्द जुळवायची कटकट नाही. मी तीनदा वेळ मोजली, संवादाच्या कागदामागे एक ओळ खरडली आणि ताईंच्या हातात नेऊन दिली.

“हे काय?” दिग्दर्शक उखडले. “मूळ सिनेमात ती तिथे गप्प आहे.”

“मूळ सिनेमात चूक झालेली नाही. आपल्याकडे झालीय. मग माफीही आपणच मागायची.”

“घोळ तू घातलास हे जगजाहीर होईल.”

“होऊ दे.”

ताईंनी चष्मा चढवला, ओळ वाचली, हेडफोन लावला. लाल दिवा लागला.

“अगं बाई! आणि मी इतकी वर्षं तुला ‘अरे’ म्हणत राहिले? चुकले गं, भडके.”

ताईंचा तो ‘चुकले’ इतका कोवळा निघाला की मला रडूच फुटलं. आपणच लिहिलेल्या ओळीवर रडायची लाज वाटली, पण रडले.

दिग्दर्शकांनी माइकचं बटण दाबलं. “ताई, हाच टेक ठेवू. आता पुढचं. ती पंख पसरते तिथून.”

“ती म्हणालात,” मी नाक पुसत म्हटलं.

“मग काय म्हणू?” ते माझ्यावर खेकसले. “अंडं घातलंय तिनं!”