बटुक परत आला तो भाग

कार्तिकातल्या त्या रविवारी उजेड नेहमीप्रमाणे आधी समोरच्या वसतिगृहाकडे गेला. लातुरातल्या त्या गल्लीत रुद्रेशची खोली पश्चिमेकडे तोंड करून होती, त्यामुळे सकाळ तिच्यात थेट कधी शिरत नसे. ती प्रथम वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर उतरे, कठड्यावर वाळत घातलेल्या शर्टांच्या बाह्यांमधून जरा वेळ रेंगाळे, मग भिंतीच्या पिवळ्या रंगात भिजून, मऊ होऊन, रस्ता ओलांडून त्याच्या खिडकीत येई. तोवर तिची धार गेलेली असे. टेबलावरच्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, पाण्याच्या निळ्या पिंपाच्या काठावर, दाराला टांगलेल्या पिशवीवर ती हलक्या हाताने पडे; जणू कुणीतरी दुसऱ्या घरचा निरोप घेऊन आले आहे आणि तो नीट आठवून आठवून सांगते आहे. रुद्रेशला हा उजेड आवडे. खऱ्या उजेडापेक्षा हा ऐकीव उजेड अधिक प्रेमळ आहे, असे त्याने एकदा वहीत लिहिलेही होते आणि मग संकोचून खोडले होते.

आज मात्र त्याला त्या उजेडात बसून राहता येणार नव्हते. सातच्या बसने नांदेडला जायचे होते. तिथे एका जुन्या कॅसेटमध्ये तो खरा आहे की खोटा, हे ठरणार होते.

गोष्ट सुरू झाली होती शुक्रवारी. 'दूरगामी' ही वीस वर्षांपूर्वीची हिंदी मालिका. दर रविवारी सकाळी दहाला दूरदर्शनवर लागे. दूरगामी नावाचे यान, त्याची कप्तान इरावती आणि घंगाळाएवढे डोके असलेला बटुक नावाचा यंत्रमानव. आता ती नव्याने तयार झाली होती, नवे कलाकार, नवी झगमग, आणि दर शुक्रवारी मोबाईलवर एक भाग येत होता. तिच्या चाहत्यांचा एक गट होता, 'दूरगामीचे मराठवाडी प्रवासी'. किनवटकडच्या इस्लापूरपासून निलंग्यापर्यंतची साठेक माणसे त्यात होती. गटाचा एक कडक रिवाज होता: शुक्रवारी भाग आला तरी शनिवारी दिवे लागेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचे नाही. कारण इस्लापूरच्या पुनमला रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकडीवर जावे लागे, आणि तिने भाग पाहिल्याशिवाय बोलणे म्हणजे पंगतीत सगळ्यांना वाढून होण्याआधी घास उचलणे.

या गटात रुद्रेशला मान होता. शिकवणीवर्गात तो भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिका तयार करी. समोर चार माणसे आली की त्याची जीभ टाळूला चिकटे. पण लिहायला बसला की वाक्ये त्याच्याकडे आपण होऊन येत. प्रत्येक भागानंतर तो दीर्घ टिपण लिही. जुन्या मालिकेत काय होते, नव्यात काय बदलले, याबाबत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

शुक्रवारचा अकरावा भाग बटुकचा होता. ओसाड ग्रहावर यान अडकते. यानाची वाट अडवणारे लोखंडी दार बाहेरून कुणीतरी उघडे धरून ठेवायला हवे. बटुक ते धरतो, यान उडते आणि बटुक मागे राहतो. संपले. शनिवारी दिवे लागले तसा गट फुटलेल्या बांधासारखा वाहू लागला.

"लई वाईट केलं राव," भोकरच्या शिवशंकरने लिहिले. त्याचे शेतीऔजारांचे दुकान होते आणि गटातली निम्मी थट्टा त्याच्या नावावर होती. "आमची म्हैस गेली तव्हा बी एवढा रडलो न्हवतो. बायको म्हणली, कोण गेलं? म्हणलं, बटुक. ती म्हणली, तुमच्याकडचा का आमच्याकडचा?"

"मी टेकडीवरच बसून रडले," पुनमने लिहिले. "शेळ्या गोळा झाल्या भोवती."

रुद्रेश हसला नाही. त्याला राग आला होता, आणि त्याचा राग दुर्मीळ असल्यामुळे जड होता. त्याने सात परिच्छेद लिहिले. मूळ मालिकेत असे नव्हतेच, त्याने लिहिले. मूळ अकराव्या भागात यान उडते. मग इरावती उठते आणि एकेका प्रवाशाच्या खांद्याला हात लावत माणसे मोजते. एक कमी भरतो. ती घंटी देते, एकच, यान थांबते. वळते. बटुकला घेते. मग ती दोन घंट्या देते आणि यान निघते. 'मागे राहिलेल्यासाठी वळणे हाच या मालिकेचा आत्मा होता,' असे त्याने शेवटी लिहिले, 'आणि तोच त्यांनी मारला.'

मग शिवशंकर आला. "भाऊ, अंतराळात घंटी? मग टपावर कोंबड्यांची डालगी बी असंल की!"

हशा उसळला. त्या हशातून तनुजाचा प्रश्न वर आला. ती नांदेडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मोजके बोलणारी. "तुम्ही तो भाग स्वतः पाहिला होता का?"

रुद्रेशने लिहिले, "हो."

ते खोटे होते. निलंग्याच्या घरी टीव्ही आला तेव्हा दूरगामी बंद होऊन वर्ष झाले होते. त्याने मालिका पाहिली नव्हती, ऐकली होती. त्याचे वडील शेषेराव, म्हणजे अप्पा, एसटीत कंडक्टर होते. शनिवारी त्यांची गाडी नांदेडला मुक्कामी असे. रविवारी सकाळी तिथल्या विश्रांतीच्या खोलीतल्या टीव्हीवर ते दूरगामी पाहत, मग गाडी घेऊन निघत आणि दुपारी निलंग्याला पोचत. खाकी सदरा खुंटीला लावून, तिकिटांची पेटी फळीवर ठेवून ते जेवायला बसत आणि भाकरीच्या घासागणिक तो भाग सांगत. सात वर्षांचा रुद्रेश समोर मांडी घालून बसे. अप्पांच्या बोटांच्या शाईच्या डागांत त्याला ग्रह दिसत. त्याच्या आयुष्यातले सगळे अंतराळ त्या ताटाभोवती मावलेले होते.

"माझे वडील कॅसेटची लायब्ररी चालवायचे," तनुजाने लिहिले. "टीव्हीवरून त्यांनी दूरगामी भरून ठेवली होती. अकरावा भाग आहे माझ्याकडे. उद्या या. सगळेच बघू."

"यायलाच लागतंय," शिवशंकर म्हणाला. "घंटीचा निकाल लागू द्या."

रुद्रेशने बराच वेळ विचार करून उत्तर दिले होते: "तो प्रसंग त्यात नसेल, तर मी पुन्हा टिपण लिहिणार नाही."

नांदेडला तरोड्याच्या बाजूला तनुजाचे घर होते. बारा वाजून गेले होते. तिच्या आईने, राजकन्याबाईंनी, दारातच "लातूरचे का तुम्ही? वाळलात किती!" म्हणून त्याला आत घेतले आणि मुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली हातात दिली, ओला, मऊ, वर शेंगदाण्याचे कूट. शिवशंकर आधीच येऊन दुसऱ्या ताटलीवर होता. फोटोतल्यापेक्षा तो बुटका होता आणि आवाज मात्र दोन माणसांचा.

"या, घंटीवाले!" तो म्हणाला आणि सरकून जागा केली.

कॅसेटचे यंत्र टीव्हीखाली झाकून ठेवले होते. तनुजाने त्यावरचे विणलेले कापड काढले, कॅसेट घातली. काही झाले नाही.

"थापड मार," राजकन्याबाई आतून म्हणाल्या. "तुझे बाबा मारायचे."

तिने उजव्या बाजूला थापड मारली. पडद्यावर पावसासारख्या रेघा आल्या आणि त्यांच्यामागून, फिकट, थरथरत, दूरगामी वर आले.

रुद्रेशच्या हातातली ताटली तशीच राहिली. वीस वर्षे ज्या यानात तो राहिला होता, ते पुठ्ठ्याचे होते. पण इरावतीची चाल अप्पांनी सांगितल्यासारखीच होती, डावा खांदा किंचित झुकलेला. बटुकचे डोके खरोखर घंगाळाएवढे होते. ओसाड ग्रह तसाच, लोखंडी दार तसेच. बटुकने दार धरले. "बरोबर," रुद्रेश पुटपुटला. "बरोबर. आता."

यान उडाले. इरावती खिडकीशी उभी राहिली. तिने डोळे पुसले. यान लहान होत होत ठिपका झाले आणि बटुक दारापाशी एकटा राहिला. नावे वर सरकू लागली.

शिवशंकर ताटलीतले मुरमुरे चिवडू लागला.

"कॅसेट तुटली असेल," रुद्रेश म्हणाला.

"नावं आली, रुद्रेश," तनुजा हळू आवाजात म्हणाली.

"मग बाराव्या भागात असेल."

"बारावा मी काल रात्री बघितला. बटुक नाहीये त्यात."

त्याने ताटली खाली ठेवली. आता उठावे, बस धरावी, लातूरला जाऊन गटातून मुकाट बाहेर पडावे, असे त्याच्या मनात आले. तेवढ्यात शिवशंकरने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"भाऊ, आता उठू नका. ते जाऊ द्या कॅसेटमधलं. तुमच्या भागात काय होतं, ते नीट सांगा. मोबाईलवर वाचून मजा न्हाई येत."

"लिहिलंय की मी."

"तोंडानं सांगा."

आणि रुद्रेशने, ज्याने आयुष्यात चार माणसांसमोर सलग चार वाक्ये उच्चारली नव्हती, सांगायला सुरुवात केली. मग त्याच्या ध्यानात आले की आपला उजवा हात अप्पांसारखा हवेत वर गेला आहे, अदृश्य दोरीकडे. इरावती एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजते. बेचाळीस. पुन्हा मोजते. बेचाळीस. त्रेचाळिसावा कुठाय? चालक म्हणतो, उशीर होतोय बाई. ती म्हणते, उशीर झाला तर लिहून देईन, पण माणूस सोडून जाणार नाही. टण्. यान थांबते. बटुक खाली दाराला टेकून बसलेला असतो, वर बघतो, त्याला वाटते तारा पडतोय, पण ते त्याच्यासाठी वळलेले यान असते. ती त्याला हात देऊन वर ओढते आणि दटावते, "पुढच्या वेळी सांगून उतर." टण् टण्.

राजकन्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उलथने घेऊन उभ्या होत्या. शिवशंकरने नाक ओढले.

"हे का न्हाई दाखवलं त्यांनी?" तो रागाने म्हणाला. "न्हाई, आपण कळवू त्यांना. आस्सं कळवू."

तनुजा मात्र रुद्रेशकडे पाहत होती. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता 'हो' म्हणण्यासारखे काही उरले नव्हते. "अप्पांनी," तो म्हणाला. "मी पाहिला नव्हता. खोटं लिहिलं मी. पण अप्पांनी पाहिला होता. त्यांनी उगाच सांगितलं नसेल."

"मग त्यांनाच विचारा ना."

तो मोबाईल घेऊन गच्चीच्या जिन्यात गेला. खाली रस्त्यावर सीताफळांचा गाडा उभा होता आणि दुपारचे ऊन आपले कामधाम संपल्यासारखे भिंतीला टेकून बसले होते. निलंग्याला घंटी दोनदा वाजली.

"बोल रं," अप्पांचा आवाज आला. "जेवून राहिलो होतो."

"अप्पा, नांदेडला आलोय. ते दूरगामी आठवतंय का? तुम्ही सांगायचा ते?"

"आठवतंय की! घंगाळाच्या डोक्याचं ते. बटुक."

"त्याचाच अकरावा भाग. जुनी कॅसेट मिळाली. आत्ताच बघितला."

पलीकडे घास चावण्याचा आवाज थांबला. "जुना? आपल्या वेळचा?"

"हाव."

मग त्यांनी विचारले, आवाज एकदम खाली आणून, जणू भरल्या गाडीत कुणी उभा प्रवासी बसायला जागा आहे का विचारतो आहे: "मग काय झालं रं शेवटी? दार धरून हुभा होता बिचारा. आला का माघारी?"

रुद्रेश जिन्याच्या पायरीवर बसला.

"न्हाई, अप्पा. सोडून गेले त्याला."

"ह्या!" अप्पा उखडले. "पॅसेंजर मोजल्याबिगर गाडी हलवती व्हय कुणी? कसली क्याप्टन म्हणायची ती! मला वाटतच हुतं, त्या बाईचं ध्यान न्हवतं." मागून आईचा आवाज आला, कुणाशी भांडून राहिले म्हणून. "काही न्हाई, कावेरे," अप्पा म्हणाले, "जुन्या ड्यूटीचं हाय." मग पुन्हा त्याच्याशी: "तू काय ध्यानात घिऊ नको. आपला बटुक आला हुता का न्हाई?"

"आला होता, अप्पा."

"मग झालं तर. जेव येळेवर."

फोन ठेवून तो थोडा वेळ तिथेच बसला. त्याला वाटले होते की काहीतरी तुटेल, पण तुटले नाही. उलट छातीत काहीतरी सावकाश बसते झाले, गाडी सुटल्यावर सामान हलून हलून आपापल्या जागी बसते तसे. रोज तो मुलांसाठी वेळेची आणि वेगाची उदाहरणे रची. हे एक उदाहरण वीस वर्षे त्याच्यासमोर होते, पाचवीच्या पोरालाही सुटेल इतके सोपे, आणि त्याने एकदाही पाटीवर घेतले नव्हते.

तो आत गेला. शिवशंकरने मान वर केली. "काय म्हणले अप्पा?"

"त्यांनी विचारलं, शेवटी काय झालं."

कुणालाच पहिल्यांदा कळले नाही. मग तनुजाला कळले. तिने ओठ मिटले आणि यंत्रावर ते विणलेले कापड पुन्हा अलगद पसरले.

"तुम्ही लिहिणं बंद करू नका," ती म्हणाली. "राहिलेले भागही सांगा. त्यांचे."

"पण आधी ह्ये तर समजू द्या की," शिवशंकर म्हणाला. "अप्पांनी पाहिला होता का न्हाई?"

रुद्रेशने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि ते सांगून टाकले, जसे शेवटी एखादे उत्तर फळ्यावर लिहावे तसे, साधे, खाली रेघ ओढून. मालिका दहाला सुरू व्हायची आणि साडेदहाला संपायची. अप्पांची गाडी दहा वीसला सुटायची, आणि ती त्यांनी कधी एक मिनिटही उशिरा सोडली नव्हती.