पिवळा दिवा कुणी घालवला?

मी एक जुनी स्पोर्ट्‌स कार आहे. हसलात ना? हसा. माझा लाल रंग अजून आरशासारखा चकाकतो, आसनांना नव्या चामड्याचा वास येतो, आणि मी स्वतःला जुनी म्हणते! पण मित्रांनो, वय काही रंगावरून ठरत नाही. माझी हाडे खिळखिळी झाली आहेत, आणि ती कुणी केली हे सांगताना आजही माझ्या अंगाचा भडका उडतो.

जन्म मात्र मायेच्या हातांत झाला. कारखान्यातल्या एक बाई माझ्या दारांच्या कडांवरून बोट फिरवीत आणि कुठे खरखर लागली की पुन्हा घाशीत. माझे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा शेजारी उभा असलेला कामगार लेकराचे पहिले रडणे ऐकावे तसा हसला. देव त्यांचे भले करो! देवाने तुम्हाला जीभ दिली; त्या माणसांनी मला एक पिवळा दिवा दिला. काही दुखले-खुपले की तो लागावा आणि चालवणाऱ्याने थांबून विचारपूस करावी, एवढीच त्यांची अपेक्षा.

पण मला मालक मिळालाच नाही. शोरूमने मला टेस्ट ड्राइव्हसाठी ठेवून घेतले. चपलांच्या दुकानात माणसे एखादा जोड पायात घालून पाहतात आणि बाजूला सारतात ना, तशी माझी गत.

मला दाखवणाऱ्या विक्रेत्याला सगळे गोडबोल्या म्हणत. सकाळी माझे तेल थंडगार असतानाच तो मला गुरगुरायला लावी. तुम्हाला गाढ झोपेतून उठवून कुणी पळायला लावले, तर तुमचे गुडघे काय म्हणतील? शिवाय त्याची एक खास युक्ती होती. तिला तो ‘सलामी’ म्हणे. मला आसने दोनच. गिऱ्हाईक चालवणार, शेजारी गोडबोल्या, आणि घरची मंडळी फाटकापाशी ताटकळत. परत येताना तो गिऱ्हाइकाला चेतवी, “आता दाबा साहेब! आणि घरच्यांच्या पुढ्यात खटकन थांबा. पहिली छाप पडली पाहिजे.” फाटकापाशी टाळ्या पडत. माझे ब्रेक मात्र जळत.

अखेर ब्रेकचे पॅड झिजले आणि माझा दिवा लागला. वर्कशॉपमधली मेकॅनिक चाकापाशी वाकून म्हणाली, “हिला आता बाहेर काढायची नाही हं. नवे पॅड येईपर्यंत उभी राहू दे.”

“हो ताई, अगदी!” गोडबोल्या म्हणाला. तिची पाठ वळली, आणि त्याने स्टिअरिंगवरचे बटण दाबून माझा दिवा घालवला. दुखणे आत तसेच; नुसते माझे तोंड दाबले, मित्रांनो!

त्याच दुपारी एक दंतवैद्य आला. बरोबर बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी मला पुढून मागून न्याहाळले.

“जावईबापू, हिच्यात बसायचं की आडवं पडायचं?”

“आई, स्पोर्ट्‌स कार आहे. खालीच असते ती.”

“असेल बापडी. पण मला बसवलंत तर उठवायला क्रेन बोलवा.”

बायको तोंडावर रुमाल धरून हसू लागली. जावयाचे कान लाल झाले. तो तिरीमिरीत येऊन बसला. सुरू करताच माझा दिवा पुन्हा लागला.

“हे काय?”

“काही नाही हो साहेब. नव्या गाड्या जरा लाडावलेल्या असतात.” पुन्हा बटण. दिवा गेला. दंतवैद्याने आणखी विचारायला तोंड उघडले, पण आपण अडाणी दिसू म्हणून मिटून घेतले.

रस्त्याला लागलो आणि स्वारी खुलली. “आईशप्पथ! पाठीत कुणीतरी धपाटा घातला असं वाटलं! आणि स्टिअरिंग? मनातलं ओळखतंय!” खरे सांगते, त्याचा हात हळुवार होता. वळणावर त्याने मला हिसडा दिला नाही. अशा माणसाच्या दारात मी सुखाने नांदले असते. म्हणूनच त्याचा राग जास्त येतो.

फाटक दिसले. “दाबा साहेब, सलामी!” त्याने दाबले. सासूबाई आणि बायको अगदी समोर. मग त्याने ब्रेक मारला. पॅडच उरले नव्हते. लोखंडावर लोखंड घासले. मी किंचाळले, पण मला थांबता येईना! सासूबाईंचे पाय जागच्या जागी खिळले. लेकीने त्यांना कमरेला धरून बाजूला ओढले, दोघी पायरीवर आपटल्या, आणि त्या उभ्या होत्या तिथून पुढे जाऊन मी भिंतीवर आदळले.

मॅनेजर धावत आला. गोडबोल्या म्हणाला, “साहेबांचा पाय उशिरा पडला.” दंतवैद्य म्हणाला, “छे! गाडीच दगाबाज आहे!”

दगाबाज? मी? जिने घसा फोडून सांगितले, ती दगाबाज?

सासूबाई खरचटलेले कोपर धरून उठल्या. “गाडीनं आधी काहीच कळवलं नव्हतं?”

जावयाची मान खाली गेली. “दिवा लागला होता. यांनी घालवला. मी पाहिलं.”

“आणि गप्प बसलात? पेशंटचा दात दुखला, तर त्याचं तोंड शिवून टाकता का हो तुम्ही?”

 

आज मी वर्कशॉपच्या मागे उभी आहे. तोंड चेपलेले, एक चाक काढलेले. माझी कीव करू नका, माझी वेळ गेली. पण मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत असा दिवा लागला आणि मोठी माणसे “काही नाही रे” म्हणाली, तर मागच्या आसनावरून ओरडून विचारा, “का लागला?” उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आगाऊ म्हणतील. म्हणू द्या! त्या मायलेकी सुखरूप घरी गेल्या, ही देवाची कृपा. पण दर वेळी कुणाच्या लेकीचे हात इतके चपळ नसतात.